खोबरं काढलेली सळई

रहाटणीतल्या आमच्या शेडमध्ये लाकडी पेनं बनतात. चाकणच्या कंपन्या पाहुण्यांना भेट द्यायला ती घेतात. लाकडाच्या तुकड्याला भोक पाडून आत पितळी नळी चिकटवायची, हे काम आक्कांचं. त्या बीडकडच्या, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या. त्यांनी दिलेला तुकडा मी लेथच्या बारीक सळईत ओवते, दोन्ही टोकांना लोखंडी बुश, म्हणजे मापाच्या कड्या, लावते, नट आवळते आणि पटाशीनं लाकूड गोल करते. माझ्यासारख्या चौथी शिकलेल्या बाईच्या हाती मालकांनी मशीन दिलं याचं मला अजून नवल वाटतं. मशीनपाशी कुणाशी बोलावं लागत नाही, म्हणून ते मला आवडतं.

गेल्या वर्षी खंडेनवमीला आम्ही मशीन पुसलं, झेंडूचा हार घातला, हत्यारं पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलं. पूजेतल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नसतो, हे मला माहेरापासून माहीत आहे. पण मालकांनी नारळ फोडला आणि खोबरं काढायला सुरी सापडेना. सगळे प्रसादासाठी थांबलेले. मी पाटावरची लेथची सळई उचलली, करवंटी आणि खोबऱ्याच्या मध्ये घातली आणि जोर दिला. कट्ट आवाज झाला. खोबरं निघालं. सळई पुसून मी परत पाटावर ठेवली.

दसऱ्यानंतर पेनं बिघडू लागली. लाकूड आणि पेनाच्या धातूच्या भागाची कड जिथं मिळते तिथं नख फिरवलं की एका बाजूला गुळगुळीत लागायचं, दुसऱ्या बाजूला पायरी. मी नट कमी आवळून पाहिला. पटाशीला धार लावली. पॉलिश पेपर हलक्या हातानं धरला. पायरी जाईना. मालकांनी पाच-सहा पेनं हातात फिरवली आणि आक्कांकडे वळले.

"आक्का, नळी वाकडी बसतीय. लक्ष कुठंय?"

"रोजच्यावानीच बसवते की, दादा."

"मग काय लाकूडच येडं झालं?"

सगळे हसले. आक्काही हसल्या, पण त्यांनी हातातली नळी उजेडाकडे धरून पुन्हा पाहिली.

दोन दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत मी सळई काढली आणि मालकांच्या टेबलाच्या काचेवर लोटली. ती सरळ गेली नाही, उड्या मारत गेली. काच आणि सळईच्या मधून उजेड दिसायचा आणि जायचा. तो कट्ट आवाज मला तेव्हा पुन्हा ऐकू आला. सळई आधी वाकली असेल, खोबरं मागून निघालं असेल.

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी सळई परत मशीनला लावली. मशीन माझ्याकडून काढून घेतील, ही भीती होती. पूजेतलं हत्यार घेतलं याची लाजही होती. आठ दिवस मी गप्प राहिले. त्या आठ दिवसांत आक्कांना नळ्या सोडून पेनांचे डबे भरायला बसवलं. एकदा डब्याला कागद लावता लावता त्या म्हणाल्या, "हात गेला ग माझा. डोळंबी गेलं असंल." पिंपरीला जाऊन त्यांनी चष्मा करून आणला. तो घालून त्या डबे भरायला बसल्या, तेव्हा मला राहवलं नाही. मालकांना म्हटलं, "सळई वाकलीय." कशानं, ते नाही सांगितलं.

"जुनी झाली असंल," मालक म्हणाले. नवी आणली. पेनं गोल येऊ लागली, आक्का नळ्यांवर परत आल्या. येताना माझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी घेऊन आल्या. "तू बघितलंस म्हणून, माय. न्हाई तर मी डबंच भरीत बसले असते." ती चटणी घरच्यांनी संपवली. मी ती चाखलीही नाही.

यंदाच्या खंडेनवमीला नारळ फुटला आणि पुन्हा सुरी सापडेना. आक्कांनी पाटावरच्या सळईकडे हात नेला.

"नको! वाकते ती!"

मी एवढ्या मोठ्यानं शेडमध्ये कधी बोलले नव्हते. आक्कांचा हात तिथंच थांबला. त्यांनी मला बाजूला, पाण्याच्या टाकीपाशी नेलं.

"तुला कसं ठावं, खोबरं काढताना वाकते म्हणून?"

मी सांगितलं. सगळं, आठ दिवसांचंही.

"आठ दिस?"

"हो."

त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. मग आत जाऊन एक जुना स्क्रू-ड्रायव्हर शोधला, धुतला आणि त्यानं खोबरं काढलं. सगळ्यांना वाटून दिलं. माझ्या हातावरही ठेवलं, माझ्याकडे न बघता.

दसरा झाल्यावर कामाच्या पहिल्या दिवशी त्यांनी पहिला तुकडा माझ्यापुढे ठेवला. "सळई फिरवून बघितलीस का काचेवर?"

बघितली होती. आता रोज बघते. मी मान डोलावली आणि तुकडा सळईत ओवला.