दाखल्यावरचं कारण

मला मदत केली ती शाळेच्या ऑफिसातल्या क्लार्क बाईंनी. हे आधीच सांगते, कारण आमच्या इंदिरानगरच्या शाळेत श्रेय घ्यायला दुसरेच पुढे असायचे. कुणी नियम सांगू लागला की बाई चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि विचारायच्या, "वाचलाय, की नुसता ऐकलाय?"

मला गणितं तोंडी यायची. सर फळ्यावर मांडेपर्यंत माझं उत्तर तयार. पण कागदावर अक्षरं जागेवर राहायची नाहीत. वाचायला उभं केलं की घाम फुटायचा. सरकारी दवाखान्यातून तसं प्रमाणपत्रही आणलं. त्यावर दहावीला लेखनिक मिळतो: आपण सांगायचं, दुसऱ्याने लिहायचं.

मुख्याध्यापक म्हणाले, एवढी हुशार मुलगी, हिला सवलत कशाला? मग गणिताच्या स्पर्धेला तरी पाठवा, असं वडील म्हणाले. तर म्हणे, धड लिहिता येत नाही, तिला कुठे पाठवता? सवलत मागितली की मी हुशार, स्पर्धा म्हटली की ढ. फाटकावर मात्र 'प्रत्येक मूल खास' असं रंगवलेलं, आणि त्याखाली दहावीचा शंभर टक्के निकाल.

तो शंभर टक्के कसा लागतो, ते नववीच्या शेवटी कळलं. मुख्याध्यापक सरांनी वडिलांना बोलावून सांगितलं, पालकांच्या विनंतीवरून दाखला देतो, घेऊन जा. वडील मूळचे हरसूलकडचे, अंबडला कंपनीत हमाली करायचे. साहेबापुढे खुर्चीत बसायचे नाहीत. एवढंच म्हणाले, "सर, पोरगी लय हुशार हे. आम्ही नाय केली विनंती."

सरांनी विनंतीचा अर्ज पुढे सरकवून त्यांच्या हातात पेन दिलं.

दाखले बाई लिहायच्या. शाळा सोडण्याचं कारण: 'प्रमाणपत्र असूनही लेखनिक नाकारला.' प्रगती: 'गणितात असामान्य.' काय लिहिलंय ते त्यांनी मला हळूच सांगितलं. सर वाचतील ना, मी म्हटलं.

"ते?" बाई म्हणाल्या. "ते कधी वाचतात?"

सर फोनवर कुणाशी तरी सत्काराच्या शाली ठरवत होते. बोलता बोलता गठ्ठ्यावर सह्या केल्या. असे साहेब तुम्हीही पाहिले असतील. वाचता येत नाही म्हणून मला बाहेर काढलं, आणि स्वतः एक ओळ वाचली नाही.

दोन वर्षं घरी बसले. मग अंबडच्या एका वर्कशॉपच्या मालकाने तो दाखला पाहिला, चार मापं तोंडी विचारली आणि कामावर घेतलं. त्या कामाच्या जोरावर आज इथे तमिळनाडूत आहे, मशीनवरचे पार्ट तपासते. अजूनही कुणी कागद पुढे केला की आधी दुसऱ्याला वाचायला सांगते. हेसुद्धा फोनला सांगून लिहून घेतेय.

त्या मालकाने कौतुकाने शाळेत फोन केला. कारण काय लिहिलंय ते तेव्हा सरांना समजलं. बाईंची बदली झाली, संस्थेच्या सुरगाण्याच्या शाळेत. रोज घाटातून बस. मला हे वडिलांकडून उशिरा कळलं. मी साधे आभारही मानले नव्हते.

बाई, यंदा बाहेरून दहावीला बसायला सतरा नंबरचा फॉर्म भरलाय. लेखनिकही मागितलाय. पास झाले की मार्कशीट घेऊन सुरगाण्याला येईन आणि तुमच्यासमोर उभी राहून ती स्वतः वाचून दाखवीन. वेळ लागेल. तुमची बस चुकली तरी बसून राहा.