कळवतो म्हणजे

कुसगावच्या एका हॉटेलात मी रिसेप्शनला बसते. तिथं गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हणायचं नाही, अशी शिकवण आहे. खोली रिकामी नसली तर “सध्या उपलब्धता जरा अवघड दिसतेय, सर” असं म्हणायचं. दिवसभर असं गोल गोल बोलून जबडा दुखतो.

घरी आल्यावर तीच भाषा ऐकावी लागायची. वडील कित्येक वर्षं माझ्यासाठी स्थळं बघत होते. येणारी माणसं पोहे खायची, गोड बोलायची आणि उठताना म्हणायची, “कळवतो.” मग काहीच कळायचं नाही. वडील मात्र फोन उशाशी घेऊन झोपायचे. कधीतरी मध्यस्थाकडून निरोप यायचा, पत्रिकेचं जरा बघावं लागेल, किंवा मुलाला सध्या घाई नाही. मुलगी पसंत नाही, असं सरळ कुणीच म्हटलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात वराळ्याहून एक कुटुंब आलं. मुलगा तिथल्याच कंपनीत सुपरवायझर. सगळा वेळ तो फरशीकडं बघत बसला होता. उठताना त्याचे वडील नेहमीचंच बोलले. मी सकाळची पाळी करून आले होते, पाय सुजले होते. त्याची आई दारात चपला घालत होती, तिला मी विचारलं, “मावशी, कळवतो म्हणजे नाहीच ना?”

माझे वडील एकदम खाली बघायला लागले. मावशींनी पायातली चप्पल काढली, परत आत आल्या आणि माझ्याशेजारी बसल्या.

“व्हय, न्हाईच, बाई,” त्या म्हणाल्या. “तुज्यात काय बी खोट न्हाई. त्याचं मन दुसरीकडं हाय. आमीच त्याला ओढून हितं आणलं.”

मुलानं तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. त्याचे वडील बाहेर जाऊन उभे राहिले. मावशींनी माझा हात थोडा वेळ धरून ठेवला आणि मग त्याही गेल्या. मला वाईट वाटलंच, पण निदान वाट बघायची उरली नव्हती.

असं तोंडावर विचारतात का, एवढंच वडील आईपाशी म्हणाले. माझ्याशी ते बरेच दिवस धड बोलत नव्हते. शेवटी एका संध्याकाळी मीच जाऊन सांगितलं, की आता कुणाला बोलावू नका, मी थकले.

त्यांनी हातातला फोन बाजूला ठेवला. मग म्हणाले, “मी पण थकलोय, पोरी.”

त्यानंतर आमच्याकडं मला बघायला कुणी आलं नाही.