आदर्श सुनेची शाल

"वहिनी, आधी ते आवरा. फोटो नंतर घेऊ."

भाऊ हे माइकवरूनच बोलले. भाऊ म्हणजे आमच्या मानपाड्याचे पुढारी. सासूबाईंना स्टेजवर, खुर्चीतच झालं होतं. डायपरमधून बाहेर आलेलं पायावर ओघळत होतं. पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर नाकाला लावले. तासाभरापूर्वी ज्या कार्यकर्त्यांनी त्यांना खुर्चीसकट तीन मजले खाली आणलं, तेच आता लांब सरकले.

मी घरी हात जोडले होते, त्यांना नका नेऊ म्हणून. पण महिला दिनाला 'आदर्श सून' पुरस्कार होता, आणि सासूशिवाय सून फोटोत दिसणार कशी!

सहा वर्षं झाली त्यांना लकवा मारून. बोलता येत नाही, पण कळतं सगळं. त्या खाली मान घालून रडत होत्या.

हाताशी काहीच नव्हतं. खांद्यावरची नवीकोरी शाल ओढली आणि त्यांचे पाय पुसायला बसले.

"बघा, बघा!" भाऊंना जोर चढला. "सन्मानाची शालसुद्धा सासूच्या सेवेला! याला म्हणतात संस्कार. टाळ्या!"

टाळ्या पडल्या. माझा नवरा मोबाइलवर शूटिंग करत होता.

सहा वर्षं मी हे धुतेय, घाणीची किळस कधीच मेली. त्या टाळ्यांची आली.

भाऊ पुढे म्हणाले, "काही बायका अर्ज घेऊन आलेल्या, आजाऱ्यांसाठी केंद्र काढा म्हणून. अहो, घराघरात अशी माऊली असताना केंद्र कशाला पाहिजे?"

तो अर्ज मीच लिहिला होता. खाली अकरा जणींच्या सह्या. कुणाची आई अंथरुणावर, कुणाचा मुलगा. समाजमंदिराची मागची खोली नुसती झेंडे आणि सतरंज्यांनी भरलेली असते. ती दिवसातून चार तास आमच्या माणसांसाठी उघडा, एक पगारी सेविका नेमा, एवढंच मागितलेलं. मी एमआयडीसीत पॅकिंगला जायचे, ते काम सुटलं. माझे स्वतःचे दात डॉक्टरला दाखवायचे राहिलेत. चार तास मिळाले असते तर माणसासारखी बाहेर पडले असते.

आणि हे मला शाल देऊन तेच चार तास नाकारत होते. माझंच कौतुक माझ्याच तोंडावर दरवाज्यासारखं आपटत होते. इतकी वर्षं कुणी "धन्य आहेस गं" म्हटलं की मी सुखावायचे. मूर्ख बाई!

उठले. तसल्याच हातांनी माइक घेतला. भाऊ झटकन मागे झाले.

"मी माऊली नाही," मी म्हणाले. "मी दमलेली बाई आहे. ही सेवाबिवा नाही, काम आहे. दुसरं कुणी करत नाही म्हणून माझ्या गळ्यात पडलंय. पुरस्कार नको मला. मागची खोली उघडा."

माइक बंद केला त्यांनी. मी तशीच ओरडले, "खोली उघडा!"

सासूबाईंची खुर्ची उचलायला अर्जातल्या बायका आल्या. कार्यकर्ता एकही नाही. तीन मजले आम्ही चढवलं त्यांना, थांबत थांबत.

मागून नवरा आला. "घरची अब्रू चव्हाट्यावर मांडलीस."

"आईला तशा अवस्थेत स्टेजवर बसवलंत, तेव्हा नाही गेली अब्रू?"

मी सासूबाईंना आंघोळ घातली, कोरडं पातळ नेसवलं. त्यांच्या कानाशी म्हणाले, "आई, आता तुम्हाला कुणापुढे नेणार नाही."

सोमवारी आम्ही अकरा जणी वॉर्ड ऑफिसात जाऊन बसणार आहोत. आजारी माणसं घरी राहतील. त्यांचं करायला घरातले पुरुष थांबतील. नवऱ्याला सांगून टाकलंय.

"रजा टाका. डायपर कपाटाच्या खालच्या खणात आहेत. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. खोली उघडत नाही तोवर दर सोमवारी तुमची पाळी."