पुढची सीट सरकवायचं बटण

गाडी मी नागपूरहून जुनीच घेतली, पण होती साहेब लोकांची. लांब, काळी, मागे बसणाऱ्याचा विचार करून बनवलेली. पाटबंधारे खात्यात उपयंत्री, म्हणजे साहेबांच्या हाताखालचा इंजिनिअर, म्हणून नोकरी करताना अशा गाड्यांची दारं मी बरीच वर्षं दुसऱ्यांसाठी उघडून धरली होती. आता तशी एक गाडी पांढुर्ण्यात माझ्या दारापुढे उभी राहत होती आणि सकाळी ती पुसताना मला कोणी ना कोणी पाहावं असं वाटायचं.

मुलीचं लग्न ठरत आलं होतं. होणारे व्याही नागपूरचे, निवृत्त प्राध्यापक. लग्न सौसरला केलं तर दोन्हीकडच्यांना बरं पडेल, म्हणून तिथलं एक लॉन बघायला जायचं होतं. व्याही रेल्वेनं पांढुर्ण्याला आले. घरातले मोठे म्हणून मी दादांनाही बोलावलं. दादा माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. नदीपलीकडे सावरगावला राहतात, संत्र्याची बाग बघतात. मागच्या वर्षी फळं तोडताना ते शिडीवरून पडले आणि त्यांच्या उजव्या गुडघ्यात स्टीलची पट्टी टाकावी लागली. तेव्हापासून तो पाय पुरता वाकत नाही.

व्याह्यांना मागे बसवलं, दादांना पुढे माझ्या बाजूला. दादांनी पाय लांब केला आणि खिडकीतून कपाशी पाहत बसले.

मी बोलत सुटलो. या गाडीच्या पहिल्या मॉडेलात मागच्यांसाठी एसीची जाळीसुद्धा नव्हती. दुसऱ्यात ती आली, गिअर आपोआप पडायला लागले. तिसऱ्यात मागच्या सीटची पाठ बटणावर कलायला लागली, मागच्या काचेला पडदा आला. माझी गाडी तिसऱ्यातली. हे सगळं मी मोबाइलवर वाचून पाठ केलं होतं. व्याही मान डोलवत होते. मग मी त्यांना पुढच्या सीटच्या कडेला असलेलं बटण दाखवलं. ते दाबलं की पुढची सीट आपोआप पुढे सरकते आणि मागच्या साहेबाला पाय पसरायला जागा होते.

व्याही म्हणाले, राहू द्या, पुढे दादा बसलेत.

मी म्हणालो, "त्यांना काय होते? त्यांना सवय आहे."

आणि डावा हात लांब करून मीच बटण दाबलं. सीट गुरगुरत पुढे गेली. दादांनी दोन्ही हातांनी मांडी धरली. ते मला दिसलं. मी रस्त्याकडे पाहिलं आणि पडद्याबद्दल पुन्हा बोलायला लागलो.

सौसर येईपर्यंत दादांचे हात मांडीवरच होते.

लॉनच्या फाटकाशी मी उतरून व्याह्यांचं दार उघडलं. दादांचं दार उघडलं, पण ते उतरेनात. गुडघा समोरच्या कप्प्याला टेकून तसाच अडकला होता. कपाळावर घाम होता. पायाला मुंग्या आल्या, असं ते हसून म्हणाले. लॉनचा मॅनेजर पुढे आला होता, म्हणून मी त्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की खेड्यातल्या माणसाला अशा गाडीची सवय नसते. दादांनी माझ्याकडे पाहिलं नाही. सीट मागे घेऊन त्यांना हात व्याह्यांनीच दिला.

परतताना व्याही पुढचं दार उघडून बसले आणि म्हणाले, दादा मागे बसतील. त्यांनी मला काहीच ऐकवलं नाही. बोलले ते फक्त मंडपाबद्दल आणि जेवणाबद्दल. मला मात्र आरशात पाहायची हिंमत होत नव्हती.

त्यांना स्टेशनवर सोडून मी दादांना घरी नेलं. वहिनींनी पायजमा वर केला. गुडघा सुजला होता. मी उभाच होतो.

"दादा, मले सांगाचं तरी," मी म्हणालो.

"काय सांगू? तू बोलून राहिला होता, इवाई आयकून राहिले होते. पोरीचं काम हाये."

वहिनी पाणी गरम करायला आत गेल्या. मी चहा न घेता निघालो.

लग्नाच्या दिवशी दादांना आणायला मी ड्रायव्हर देऊन गाडी पाठवली. ती रिकामीच परत आली. दादांनी ड्रायव्हरला सांगितलं होतं, पाहुण्यांना घेऊन जा. ते आणि वहिनी ऑटोनं सौसरला आले, पोरीच्या डोक्यावर अक्षता टाकल्या, पंगतीत शेवटपर्यंत थांबले.

त्यानंतर कितीतरी दिवसांनी मी मोटरसायकलनं सावरगावला गेलो. दादा बागेत पोत्यावर बसून संत्री निवडत होते, लहान वेगळी, मोठी वेगळी.

"दादा, त्या दिवशी मी चुकलो."

"हो," ते म्हणाले. "चुकला तू."

मला वाटलं होतं, जाऊ दे म्हणतील. म्हणाले नाहीत. पोत्यावर थोडे सरकले आणि एक टोपली माझ्याकडे ढकलली. दुपारपर्यंत मी त्यांच्याजवळ बसून संत्री निवडली. तेवढ्यात ते दोनदा उठले, झाडाच्या खोडाला धरून, पाय ताठ ठेवून. दोन्ही वेळा ते मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं; मान वर करून हात पुढे करायचं धाडस मला झालं नाही.