आसनामागचा काळा दोरा

नळीला बांधला की तारेला, हे मला आठवत नाही.

माझी मुलगी मनाली उद्या सकाळी साडेसहाला, स्वतःच्या हातांनी बांधलेल्या विमानातून पहिल्यांदा उडणार आहे. त्या विमानात, तिच्या आसनाच्या मागे, बिब्बा ओवलेला एक काळा दोरा आहे. तो मी बांधला. तिला माहीत नाही. आसनामागून ॲल्युमिनियमची एक जाड नळी जाते आणि तिच्या शेजारून, बोटभर अंतरावर, शेपटीकडे जाणारी पोलादी तार. दोरा नळीवर असेल तर काळजी नाही, बाळाच्या पायातल्या दोऱ्यासारखा तो तिथे राहील. तारेवर असेल तर इंजिनाच्या थरथरीने सरकत सरकत कप्पीपाशी जाईल, बिब्बा कप्पीत अडकेल, आणि मग मनालीने हातातला दांडा कितीही ओढला तरी विमानाचं नाक वर येणार नाही.

मनाली एकतीस वर्षांची आहे. मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि तेव्हापासून अंबरनाथच्या आनंदनगरमध्ये एका कंपनीत क्वालिटीला आहे. दुसऱ्यांनी बनवलेले भाग मोजायचे आणि पास की रिजेक्ट ते लिहायचं. त्या खोलीला खिडकी नाही, कारण ऊन आत आलं की तापमान बदलतं आणि तापमान बदललं की माप बदलतं. दिवसाचे नऊ तास ती तिथे पांढऱ्या दिव्याखाली बसते. मग बदलापूरला आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरी येते, तर इथे बाल्कनीला जाळी. चोरांसाठी मीच बसवून घेतली होती. लग्नाची दोन स्थळं आली. दोन्हीकडच्या मंडळींना मुलगी हसत नाही असं वाटलं. ती हसते, पण मोजून. तिचे बाबा कमळाकर म्हणतात, "हिच्या हातात चहा देताना मला भीती वाटते. कप रिजेक्ट केला तर?"

ती आकाशाकडे बघत बसणारी मुलगी कधीच नव्हती. उडण्याची गोष्ट तिच्यासमोर अक्षरशः येऊन पडली. चार वर्षांपूर्वी आम्ही जांभूळला माझ्या नणंदेकडे, काशीताईंकडे गेलो होतो. भात कापून झालेलं होतं. पाठीला इंजिन आणि डोक्यावर कापडी छत्री लावलेला एक माणूस आमच्या डोळ्यांदेखत त्यांच्या मोकळ्या शेतात उतरला. इंजिन हवेतच बंद पडलं होतं. ते सुजित सर. घाटावर एका लहानशा धावपट्टीवर त्यांचा क्लब आहे. ते पाणी पीत होते तेवढ्यात मनालीने इंजिनाभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाली, "इथली क्लिप पडलीय. पेट्रोलची नळी सुटलीय."

"एवढ्याशा क्लिपने?" काशीताई म्हणाल्या.

"एवढ्याशानेच होतं," सुजित सर म्हणाले. मग मनालीकडे बघून, "तुम्ही कुठे काम करता?"

मनालीने गोठ्याच्या दारातली तार तोडून नळी बांधून दिली. सर मात्र उडाले नाहीत, टेम्पो मागवून गेले. मनालीला तेच आवडलं. घरी येताना ती म्हणाली, "तारेने चाललं असतं, आई. तरी गेले नाहीत."

त्यानंतर तिच्या सगळ्या सुट्ट्या क्लबमध्ये जाऊ लागल्या. उडायला शिकू लागली आणि त्याच वर्षी नकाशे मागवून स्वतःचं विमान बांधायला घेतलं. एकाच माणसाचं, नळ्यांचा सांगाडा, त्यावर शिडाचं कापड, पाठीमागे इंजिन. काशीताईंनी पेंढ्याची शेड रिकामी करून दिली. नटबोल्ट उल्हासनगरहून यायचे. तिथे हरेशभाईंचं दुकान आहे. मी एकदा सोबत गेले होते तर ते मला म्हणाले, "भाभीजी, चाळीस साल झाले नट विकतोय. वजन करून नट नेणारी ही पहिलीच. सोनाराची मुलगी आहे का?"

"पाण्याच्या प्लांटवरच्या पंपवाल्याची," मी म्हटलं.

"मग विमान नाही, बोट बनवायची ना बेटा."

मनालीने त्यांनी दिलेल्या चाळीस बोल्टांतले सहा परत केले. हरेशभाईंनी ते वेगळ्या डब्यात टाकले आणि हसायचं थांबवून म्हणाले, "हे आता कोणालाच नाही देणार."

आता मला माझी एक गोष्ट सांगावी लागेल, कारण तिच्याशिवाय पुढचं समजणार नाही. दोन वर्षांपूर्वी मनाली क्लबच्या विमानातून पहिल्यांदा एकटी उडणार होती. त्या सकाळी मी तिला फोन केला आणि म्हटलं, बाबांच्या छातीत दुखतंय. तीन गाड्या बदलत पाच तासांत ती घरी आली. कमळाकर बाल्कनीत वाल सोलत बसले होते. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. "लवकर आलीस?" त्यांनी विचारलं. मनालीने त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हात धुवायला आत गेली. भांडली नाही. जेवताना एवढंच म्हणाली, "आई, यापुढे मी उडणार असेन त्याच्या आदल्या रात्री आणि त्या सकाळी मला फोन करायचा नाही. तुझ्या फोनवर कधी विश्वास ठेवायचा ते मला आता कळणार नाही."

मला वाटलं, संपलं. पण पुढच्या रविवारी तिने मला गाडीवर बसवलं आणि शेडमध्ये नेलं. "तुला भीती वाटते ना? मग लांबून घाबरू नकोस. जवळ येऊन बघ."

तिची एक वही होती. जे काम केलं ते तारखेनिशी त्या वहीत. करणाऱ्याची सही, आणि शेजारी 'पाहिले' म्हणून दुसऱ्या माणसाची सही. ज्याने बोल्ट आवळला त्याला स्वतःची चूक दिसत नाही, म्हणून दुसरा माणूस. तो दुसरा माणूस तिने मला केलं. मी बी.ए. आहे, इतिहास घेऊन. बोल्टातलं मला काय कळतं? "कळायची गरज नाही," ती म्हणाली. "यादीत लिहिलंय ते दिसतंय की नाही, एवढंच बघायचं. दिसत नसेल तर सही करायची नाही, मी कितीही चिडले तरी."

ती पान्याने नट आवळायची आणि मी नटावरून बोल्टवर माझ्या नेलपॉलिशची एक बारीक लाल रेघ ओढायची. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला असं समजायचं. दोन वर्षांत तीन बाटल्या संपल्या. एकदा मी एका पिनेचं टोक वळवलेलं नाही म्हणून सही केली नाही. ती चिडली, वाकून बघितलं, टोक खरंच सरळ होतं. त्या दिवशी डब्यातली तिच्या वाटणीची करंजी तिने मला दिली. वहीत नोंद न करता विमानाला हात लावायचा नाही, हा शेडचा एकच नियम होता. काशीताईंची मांजरसुद्धा पंखावर झोपली तर मनाली ते वहीत लिहायची.

परवानगीचे कागद, तपासणी, पुन्हा कागद, यात दीड वर्ष गेलं. शेवटी गेल्या आठवड्यात सगळं हातात आलं. परवा गुरुवारी विमान टेम्पोत चढवायचं होतं. पंख आणि शेपटी सोडवून वेगळी केली होती. मधला सांगाडा मात्र तसाच जाणार होता. आसनामागच्या भागाला कापडाचं कव्हर आहे, चेनचं. ते बंद करून त्यावर कागदाची पट्टी चिकटवायची आणि पट्टीवर आम्हा दोघींच्या सह्या. पट्टी शाबूत असेल तर तिथे जाऊन ते कव्हर पुन्हा उघडायचं नाही, असं ठरलं होतं. वाटेत जे सुटलं नाही ते उगाच सोडवायचं नाही.

मनाली बाहेर टेम्पोवाल्याला दोर कसे बांधायचे ते सांगत होती. काशीताई आत आल्या. पदरात दोन दोरे, एकाच लांबीचे, प्रत्येकात एक बिब्बा.

"वयनी, पोर आभालान चालली, नि तू नुसती बगत बसलीस? गावदेवीशी ठेवून आनलंय. एक पोरीचे पायान बांध, एक तिचे इमानाला. सात वेढं दे, कमी नको."

"ती बांधू देणार नाही," मी म्हटलं.

"मंग तिला इचारतेस कशाला? तू आई हायस का तिची कामवाली?"

पायाचा दोरा मनालीने खरंच नाकारला. "आत्या, बुटात टोचतो," म्हणून हसली आणि परत बाहेर गेली. मी तो पर्समध्ये ठेवला. दुसरा माझ्या मुठीत होता. कव्हर उघडं होतं. मी हात आत घातला, डोळे मिटले, गावदेवीचं नाव घेतलं आणि हाताला लागलं त्याला सात वेढे देऊन गाठ मारली. मग चेन लावली, पट्टी चिकटवली, सही केली. वहीत 'आसनामागचं कव्हर, पाहिले' असं माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं. मनालीने येऊन माझ्या सहीशेजारी स्वतःची सही केली. आत बघितलंसुद्धा नाही. दोन वर्षांत पहिल्यांदाच.

त्याच दुपारी ती टेम्पोपाठोपाठ घाटावर गेली. निघताना तिने माझ्या दंडाला हात लावला. "फोन नाही हं," म्हणाली.

"नाही," मी म्हटलं.

आज संध्याकाळपासून मी नळी आणि तार यांच्यात अडकले आहे. कमळाकरांना सांगितलं. ते म्हणाले, "नळीलाच बांधला असशील. हाताला आधी जाड वस्तू लागते. आणि ती उडण्याआधी दांडा पुढेमागे करून बघेलच ना?"

बघेल. जमिनीवर सगळं नीट हलेल. दोरा सरकायला इंजिन चालू व्हावं लागतं.

"आता फोन केलास तर ती काय समजेल?" ते म्हणाले. "पुन्हा तुझी छातीत दुखायची गोष्ट. ऐकूनच घेणार नाही. आणि घेतलं तरी रात्रभर झोपणार नाही. मग उद्या ती स्वतःच उडणार नाही, आणि जन्मभर म्हणेल आईने अडवलं. झोप तू."

त्यांचं सगळं बरोबर होतं. म्हणजे फोन केला तर मी खोटारडी, नाही केला तर काय, ते मला शब्दांत मांडायचं नाही. मी हॉलमधून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून हॉलमध्ये फिरत राहिले. बाल्कनीच्या जाळीला हात लावून बघितला. ही जाड. कपड्यांच्या दोरीला लावून बघितला. ही बारीक. बोटं काही सांगेनात.

मग मला पर्समधला दुसरा दोरा आठवला. त्याच लांबीचा. मनाली असती तर तिने हे आधीच केलं असतं. पडद्याची दांडी साधारण त्या नळीएवढीच जाड आहे. स्टुलावर चढून मी तिच्यावर दोरा गुंडाळला. चार वेढ्यांत संपला, गाठीला टोकही उरलं नाही. पुन्हा गुंडाळला, घट्ट ओढून. चारच. मग बाल्कनीत जाऊन कपड्यांच्या दोरीवर गुंडाळला. सात वेढे, वर गाठ, आणि तरी वीतभर टोक उरलं.

परवा मी सात मोजले होते. मनातल्या मनात, एकेक. आणि टोक उरलं होतं. ते मी आत दुमडून घातलं, लोंबू नये म्हणून. हे मला आता लख्ख आठवतंय.

म्हणजे तार.

अकरा वाजून वीस मिनिटं झाली आहेत. सकाळपर्यंत थांबता येईल, पण धावपट्टीवर रेंज नसते, हे तिनेच सांगितलंय. ती रात्री राहते त्या खोलीत मात्र रेंज असते. कमळाकर जागेच आहेत. मी फोन उचलताना त्यांनी पाहिलं आणि अडवलं नाही.

उडू नकोस असं मी म्हणणार नाही. ते म्हटलं की ती फोन ठेवेल. रडणारही नाही. ती ज्या गोष्टीवर विश्वास ठेवते तेवढंच बोलायचं. मनू, वही काढ. एक नोंद राहिली आहे. तारीख गुरुवारची. आसनामागची पट्टी फाड, चेन उघड, तारेवर सात वेढ्यांचा काळा दोरा आहे, बिब्ब्यासह, आत दुमडलेल्या टोकासह. कापून काढ, तार आणि कप्पी बघ. काम करणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव लिही. 'पाहिले'च्या खाली माझी सही आहे ती खोड, आणि तिथे सुजित सरांची घे.

उद्याचं उडणं जाईल. कदाचित माझी सही पुन्हा त्या वहीत कधीच लागणार नाही. मी तिचा नंबर लावते आहे.