पाठ कापलेली खुर्ची

मिरजगावच्या गहिनीनाथ सुताराला एक घमेंड होती. त्याच्या हातच्या पाटावर पाण्याचा थेंब ठेवला, तर तो जागचा हलत नसे. पण बहात्तरच्या दुष्काळात पाट करून घेणार कोण? नांगर नाही, पाभर नाही, लाकूड तासायचा वाकस नुसता खुंटीला. घर चालत होतं ते बायकोच्या, साळूबाईच्या हातोडीवर. ती रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची.

पौषात पाणी शेंदताना तिच्या कंबरेत उसण भरली. जमिनीवर बसवेना. मुकादम आप्पासाहेबाने बजावलं, "बाई, आठ दिसांत हात चालला न्हाई, तर हजेरीतून नाव काढीन."

गहिनीनाथाने घरातल्या लाकडाची बुटकी खुर्ची केली, मागे चांगली रुंद फळी लावून. दुखऱ्या पाठीला टेकू द्यावा, एवढीच त्याची अक्कल. दोन दिवसांत साळूबाई पार आखडली.

"टेकलं की हातोडी दगडाला पोचत न्हाई, आन् पुढं झालं की कंबर मोडती," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी तो स्वतः कामावर गेला, त्या खुर्चीत बसला आणि खडी फोडू लागला. दहाबारा घावांतच त्याला घाम फुटला. उभ्या जन्मात आपण कधी टेकून रंधा मारला नाही, मग हिला टेकायला का लावलं? स्वतःच्या शहाणपणाची त्याला लाज वाटली.

घरी आणून त्याने करवतीने पाठ कापून टाकली. मग पुढचे पाय दोन बोटं कमी केले. बैठक पुढे कलली की भार पायांवर येतो आणि माणूस आपोआप ताठ बसतं, हे त्याने बसून, उठून, पुन्हा तासून ठरवलं.

"सुताराच्या बायकूखाली वाकडा पाट," दुसऱ्या दिवशी कामावरच्या बाया हसल्या. त्याने खुर्ची दगडांपाशी मांडली आणि तो घरी परतला.

त्या दिवशी साळूबाईने बाकीच्यांच्या बरोबरीने ढीग घातला. गहिनीनाथ तिला न्यायला आला, तेव्हा मुकादम म्हणाला, "आता पाऊस पडंस्तवर बाईचं नाव हजेरीतनं हालत न्हाई."

"लई बेस झालं बगा," साळूबाई नवऱ्याला म्हणाली. "आता म्या कितीबी दिस फोडीन."

तिची पाठ वाचली याचा त्याला आनंद होताच. पण जन्मभरातलं आपलं सगळ्यात चांगलं काम आपण केलं, ते बायकोने उन्हात दगड फोडत राहावं म्हणून, हे काही त्याला सोसवेना. त्याने तिच्या हातातली हातोडी घेतली आणि घर येईपर्यंत ती परत दिली नाही.