आमच्या ह्यांचा समुद्र

सिंगापूरमध्ये टॅम्पिनीसला आमच्या शेजारच्या फ्लॅटमधलं इंग्रज जोडपं निवृत्त होऊन अमेरिकेला निघालं होतं. तिथे एक बोट घ्यायची आणि नद्या-कालव्यांतून फिरत बोटीतच राहायचं, असा त्यांचा बेत. तो ऐकल्यापासून आमच्या ह्यांच्या अंगात वारं शिरलं. हे तीस वर्षं मालवाहू जहाजांवर मरीन इंजिनिअर होते.

"आपणही बोटच घेऊ. समुद्र माझ्या रक्तात आहे!"

"अहो, रक्तात साखर आहे तुमच्या," मी म्हटलं.

जाण्याआधी शेजाऱ्यांनी आम्हाला त्यांच्या इथल्या छोट्या बोटीतून फिरायला नेलं. ह्यांनी खास पांढरी टोपी विकत घेतली होती. किनारा सुटला, शेजारणीने चहा दिला, मी वळून बघते तर हे गायब! पडले की काय म्हणून मी किंचाळले. सापडले खाली, इंजिनाचं झाकण उघडून आत डोकं घालून बसलेले.

"वर या आणि समुद्र बघा!" मी ओरडले. हे वर आले. लाटा बघितल्या, पांढरेफटक पडले आणि त्या टोपीतच ओकले. तीस वर्षं ह्यांनी समुद्र पाहिला होता तो फक्त इंजिनरूममध्ये, इंजिन थंड ठेवायला पंपातून आत येणारा!

परवा अमेरिकेहून शेजाऱ्यांनी नव्या बोटीवरून सूर्यास्ताचा फोटो पाठवला. ह्यांनी उलट विचारलं, "इंजिनाचा आहे का?"

त्यांनी तोही पाठवला. आता तो हॉलमध्ये फ्रेम करून लावलाय. आमचा लग्नाचा फोटो होता, त्याच खिळ्यावर.